सोनगीरजवळचा समुद्र

ज्यांनी खानदेश अजून पाहिला नाही त्यांनी तो थंडीत पाहावा, पोट रिकामं ठेवून पाहावा आणि शक्यतो कुठल्याही समितीवर न जाता पाहावा. मी समितीवर गेले होते, म्हणून हे सगळं लिहायची वेळ आली.

मी कोल्हापूरची. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले आणि मग लोकांना माझी आठवण यायला लागली. त्याचं झालं असं की मध्यंतरी वरच्या कार्यालयानं एक फर्मान काढलं. प्रत्येक शिक्षणसंस्थेचं एक ध्येय असतं, ते संस्थेनं लिहून दिलेलं असतं; तर संस्थेची प्रत्येक पदवी त्या ध्येयात बसली पाहिजे. नाही बसली तर पदवी बंद, आणि तिच्यातली मुलं त्याच संस्थेच्या बसणाऱ्या पदवीत ढकलायची. कल्पना वाईट नाही. एका कॉलेजात शेतीची पदवी आणि हवाई सुंदरीचा कोर्स एकाच खोलीत आळीपाळीनं चालताना मी या डोळ्यांनी बघितलंय. कुणीतरी ताळमेळ बघायलाच हवा होता. तो बघायला दोन-दोन माणसांच्या समित्या निघाल्या आणि त्यांतल्या एकीवर माझं नाव लागलं.

खरं सांगते, मला समित्या आवडतात. घरी मला कोणी चहा विचारत नाही. समितीवर गेलं की स्टेशनवर माणूस उभा असतो, बॅग धरायला दुसरा असतो आणि आपण काहीही बोललं तरी समोरचे मान डोलावतात. शिवाय कामही माझ्या हातचं. एका बाजूला पदव्या लिहायच्या, वर ध्येयातले शब्द लिहायचे आणि जिथं जुळेल तिथं खूण करायची. याला सुसंगती तक्ता म्हणतात. तो भरण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी नाही, लोक म्हणतात.

चाळीसगाव

पहाटे चाळीसगावला उतरले तर कसली थंडी! आमच्याकडं थंडी येते ती पाहुण्यासारखी, दोन दिवस बसते आणि जाते. इथं ती घरचीच होती. समितीचे अध्यक्ष डॉ. कारखानीस दुसऱ्या गाडीनं आधीच येऊन फलाटावर बसले होते. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, गळ्यात मफलर, काखेत स्वतःची उशी. परक्या उशीवर त्यांना झोप येत नाही म्हणे. माणूस अतिशय सभ्य. नियमाच्या पुस्तकात आहे तेवढंच बोलायचं आणि नसेल तर हसायचं, असा त्यांचा स्वभाव मला चहाच्या टपरीवरच कळला.

टपरीवाल्या बाईंनी गरम भजी पुढं ठेवली आणि विचारलं, तुम्ही कोठून उनात. मी कोल्हापूर म्हटल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "दूर शे." हे ‘शे’ मला फार आवडलं. आमच्याकडं ‘आहे’ म्हणायलासुद्धा आवाज चढतो. कारखानीसांनी मात्र भजी कागदावर तीनदा टिपली आणि घड्याळ बघितलं. मग संस्थेची गाडी आली आणि आम्ही धुळ्याकडं निघालो. दोन्ही बाजूंना वेचून संपत आलेली कपाशी, मधेच हरभरा आणि मोकळं आभाळ. माझ्या मनात आलं, इथल्या संस्थेचं ध्येय काय असणार ते सांगायला ज्योतिषी नको; कापूस, केळी, शेतकरी यातलं काहीतरी असेल.

सोनगीरच्या पुढं

धुळं मागं टाकून हमरस्त्यानं सोनगीर गाठलं. गावात तांब्या-पितळेची भांडी ठोकण्याचा आवाज येत होता, वर टेकडीवर जुना किल्ला. गावाच्या पुढं आत वळलं की संस्थेचं मोठं फाटक लागतं. फाटकावर माणसाएवढ्या अक्षरांत ध्येय रंगवलं होतं: ‘किनारपट्टीवरील समाजाच्या उत्थानासाठी सागरी ज्ञानाचा दीपस्तंभ’.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. आजूबाजूला बघितलं. एक बैलगाडी, दोन कडुलिंब आणि लांबवर धूळ. मी कारखानीसांना हळूच विचारलं, इथून समुद्र किती लांब असेल हो? ते शांतपणे म्हणाले, "माने बाई, आपल्याला ध्येय तपासायचं नाहीये. ते मंजूर आहे. आपण पदव्या तपासायला आलोय."

स्वागताला संस्थेचे अध्यक्ष नाना स्वतः उभे होते. पांढरं धोतर, करडी मिशी, आवाजात जरब आणि डोळ्यांत मिश्कीलपणा. एकेकाळी सरपंच होते, आता सोनगीरजवळचं हे कॉलेज आणि तिकडं जळगावच्या बाजूला पहूरचं दुसरं, अशी दोन त्यांच्या मंडळाची. इकडं पाहुण्याचा मान टॉवेल-टोपीनं करतात. कारखानीसांच्या डोक्यावर ठेवलेली टोपी एवढी मोठी निघाली की ती कानांवर येऊन थांबली, आणि काढली तर अपमान होईल म्हणून ते दुपारपर्यंत तशीच घालून बसले. मला साडी-नारळ मिळाला. नानांनी मागं वळून कुणाला तरी सांगितलं, "बठ्ठा पाव्हनास्ले च्या दे," म्हणजे सगळ्या पाहुण्यांना चहा, आणि तपासणी सुरू झाली.

पहिल्यांदा इतिहासाचे सर उभे राहिले. त्यांच्या पदवीचं नाव आता ‘सागरी इतिहास’. जलदुर्गांचं प्रात्यक्षिक कुठं करता असं मी विचारलं, तर त्यांनी खिडकीतून सोनगीरचा किल्ला दाखवला. खाली पाणी असतं तर तो जलदुर्गच झाला असता, असं त्यांचं म्हणणं. वाणिज्य विभागानं ‘बंदर व्यापार’ घेतला होता. मराठीच्या मॅडमनी समुद्र ज्यात येतो तेवढ्याच कविता ठेवल्या होत्या आणि बाकीच्या काढून टाकल्या होत्या. काढताना वाईट वाटलं, असं मात्र त्या खालच्या आवाजात बोलल्या. या सगळ्यांचा कळस म्हणजे ‘सागरी मत्स्यविज्ञान’. त्यासाठी मागच्या अंगणात सिमेंटचा हौद बांधला होता. त्यात धरणातले गोडे मासे आणून सोडले, आणि मग समुद्राचं वातावरण हवं म्हणून पोत्यानं खडेमीठ ओतलं. मासे मेले. विभागप्रमुखांनी तेही प्रात्यक्षिकातच धरलं होतं.

मी तक्ता भरत गेले. देवा शपथ सांगते, इतका स्वच्छ तक्ता माझ्या आयुष्यात भरला नव्हता. प्रत्येक पदवीसमोर खूण. कुठं शंका नाही, कुठं खाडाखोड नाही. कोल्हापूरच्या चांगल्या नावाजलेल्या कॉलेजांत मला निम्म्या चौकटी रिकाम्या सोडाव्या लागल्या होत्या. कारखानीस टोपीखालून म्हणाले, ही आदर्श संस्था आहे. मला हसू आलं, आणि मी तक्ता पुन्हा एकदा वरपासून तपासला.

जेवणात शेवभाजी होती. कोल्हापूरच्या माणसाला तिखटाचं काय सांगता, असं मी फुशारकीनं बोलून गेले आणि दुसऱ्याच घासाला डोळ्यांतून धारा लागल्या. आमचा तांबडा रस्सा आधी रंगानं घाबरवतो. ही काळी भाजी गरीब चेहऱ्यानं बसून राहते आणि मग गाठते. कारखानीसांना उचकी लागली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. विद्यार्थ्यांशी चर्चा झाली तेव्हा ते दर उचकीला मान हलवत होते, आणि पोरांना वाटलं आपली उत्तरं बरोबर येतायत.

हात धुताना मी नानांना गाठलं. म्हटलं, नाना, हा समुद्र आला कुठून? त्यांनी काही लपवलं नाही. मागं संस्थेचं मूल्यांकन होतं तेव्हा ध्येय लिहून द्यायला दोनच दिवस उरले होते. मुंबईचा एक माणूस असली कामं करून द्यायचा, त्याला सांगितलं. त्यानं कोकणातल्या कुठल्या तरी कॉलेजसाठी केलेलं नावगाव बदलून पाठवून दिलं. ते इंग्रजीत होतं, इथं कुणी नीट वाचलं नाही. मूल्यांकनवाल्यांनी वाचलं, आणि इतकं स्पष्ट, वेगळं ध्येय कुणाचंच नाही म्हणून वरची श्रेणी देऊन गेले. आता ती श्रेणी ठेवायची तर पुढचं मूल्यांकन होईपर्यंत ते बदलता येत नाही. मग हे फर्मान आलं.

"ध्येय बदललं तर श्रेणी जाते मॅडम," नाना टॉवेलला हात पुसत म्हणाले. "पदव्या बदलल्या तर नुसती पोरं जातात."

मला त्यांचा राग आला आणि राग धरताही येईना, कारण त्यांचं गणित चुकलेलं नव्हतं. निघताना ते म्हणाले, आता एकच पदवी राहिलीय जी बसत नाही, ती पहूरला आहे. तिथल्या बाई ऐकत नाहीत, तुम्ही जरा समजावा.

जळगावकडे

धुळ्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही पारोळा, एरंडोल करत जळगाव गाठलं. या रस्त्याबद्दल लिहावं तर खड्ड्यांबद्दलच लिहावं लागेल, म्हणून सोडते. जळगावच्या पुढं अजिंठ्याच्या वाटेला लागलो तेव्हा मी कारखानीसांना म्हटलं, सर, या लोकांनी समुद्र घरी आणलाय हे तुम्हाला खटकत नाही? ते म्हणाले, खटकणं हा तक्त्यात रकाना नाही. हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. माणूस वाईट असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी पहूरच्या अलीकडं एका शेतात आमच्यासाठी भरिताचा बेत केला होता. हे ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगते. लांब, हिरवी-पांढरी, तेलकट कांतीची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. मग लाकडी भांड्यात घालून ठेचतात, त्यात मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेलाची फोडणी, आणि सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडदाच्या एकत्र पिठाची. आमच्याकडच्या भरिताला मी आजवर भरीत म्हणत होते याची मला लाज वाटली. मी तीन वेळा वाढून घेतलं. कारखानीसांनी आदल्या दिवशीच्या धसक्यानं नुसती भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

त्या शेतातच प्रा. वंदना महाजन भेटल्या. याच त्या न ऐकणाऱ्या बाई. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, पायांत बूट, बोलणं मोजकं. त्यांची पदवी ‘भूजल व्यवस्थापन’. इकडं केळी पाण्यावर उभी असते आणि पाणी दर वर्षी खाली जातं. लोक हातावर नारळ धरून फिरणाऱ्या पाणाड्याला बोलावतात आणि तो सांगेल तिथं बोअर मारतात. वंदनाताईंची मुलं वर्षभर गावोगावच्या विहिरींची पातळी मोजतात, खडक बघतात आणि कुठं बोअर मारू नये ते सांगतात. कुठं मारावी हे फारसं सांगत नाहीत, म्हणून सुरुवातीला कुणी विचारायचं नाही. आता गावं आपणहून बोलावतात, पास झालेल्या पोरांना कामं मिळतात. सोनगीरच्या सगळ्या पदव्या बघून आल्यावर हे ऐकलं आणि मला एकदम भूक लागल्यासारखं झालं, नुकतीच जेवलेली असूनसुद्धा.

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, बाई, मला पटतंय सगळं. पण नियम नियम आहे. नावात एक शब्द घाला. ‘किनारी भूजल व्यवस्थापन’ करा, मी डोळे मिटून खूण करते.

"आणि शिकवू काय?" त्यांनी विचारलं. "नाव बदललं की अभ्यासक्रम बदलतो, पेपर बदलतो. विहिरीत समुद्राचं खारं पाणी शिरलं तर काय करायचं, असा प्रश्न येणार. आमच्या विहिरींत गोडंच शिरत नाही."

 मग त्या म्हणाल्या, शिवाय ती पदवी घेऊन आमचं पोरगं कुठल्या शेतकऱ्यासमोर उभं राहील? नारळवालाच बरा, म्हणतील.

पहूर

पहूर मोठं गाव. कॉलेज म्हणजे एकमजली इमारत, मागं प्रयोगशाळा, समोर हरभऱ्याचं शेत. इथली बोली सोनगीरहून वेगळी. ‘शे’ गेलं आणि ‘मले-तुले’ आलं. सकाळी आम्हाला विद्यार्थ्यांबरोबर एका विहिरीवर नेलं. दोन मुली आणि चार मुलं टेप सोडत होती. त्यांतली पुढं होऊन सगळं समजावणारी मुलगी अंजुम, दुसऱ्या वर्षाची. तिचे वडील सलीमभाई गावातच पंपाच्या मोटारी दुरुस्त करतात. ती सांगत होती, अब्बा वर आलेल्या मोटारी दुरुस्त करतात आणि मी खाली मोटार का जळते ते बघते. हे तिनं हसत सांगितलं आणि पुन्हा टेपकडं वळली.

सलीमभाई तिथंच आले होते. समिती येणार म्हणून दुकान बंद ठेवून आले होते आणि हातावरचं ग्रीस तसंच होतं. त्यांनी मला सरळ विचारलं, पदवी बंद झाली तर पोरीचं काय होणार? मी नियम सांगितला: संस्थेच्याच दुसऱ्या पदवीत, म्हणजे सोनगीरला, सागरी मत्स्यविज्ञानात. पहूर ते सोनगीर अर्ध्या दिवसाचा रस्ता.

"तिकडं नाही पाठवणार मी," ते म्हणाले. "इथं आहे तोवर शिकेल. नाहीतर बस झालं."

ते रागानं बोलले नाहीत. हिशेब मिटवल्यासारखं बोलले. अंजुम टेप गुंडाळत होती, तिनं वर बघितलं नाही, पण तिचं मोजायचं चुकलं आणि तिला पुन्हा पहिल्यापासून टेप सोडावी लागली.  तक्ता भरताना अशी माणसं समोर नसतात, हा त्या तक्त्याचा मोठा फायदा आहे.

दुपारी बैठक. नाना गाडी करून सोनगीरहून आले होते. वंदनाताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपली पदवी ध्येयात कशी बसते ते मांडलं. मला नवल वाटलं, म्हणजे रात्रीत त्यांनी काहीतरी वाट शोधली होती. त्या म्हणाल्या, या भागात पडणारं पाणी वाघूर नदीला मिळतं, वाघूर तापीला आणि तापी समुद्राला. तेव्हा आमचा समुद्राशी संबंध आहे. एकच आहे, पण खरा आहे.

मी टेबलाखाली मुठी आवळल्या. सुटलो, असं वाटलं. कारखानीसांनीही पेन उचललं आणि मग अगदी सौजन्यानं विचारलं, या पाण्याचं तुमचे विद्यार्थी नेमकं काय करतात?

वंदनाताई खोटं बोलू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "अडवतो आणि जमिनीत मुरवतो."

"म्हणजे समुद्राकडं जाणारं पाणी कमी होतं?"

"हो."

कारखानीसांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मग ही पदवी ध्येयात बसत नाही एवढंच नव्हे, ती ध्येयाच्या विरुद्ध काम करते.

मी हसले. मला वाटलं, दोन दिवसांनी का होईना, माणसानं विनोद केला. पण ते लिहायला लागले होते. ‘विरोधी’ हा शब्द त्यांनी ठळक काढला. आजवर कुठल्याच समितीला विरोधी पदवी सापडली नव्हती, त्यामुळं त्यांचा चेहरा जरा उजळलाही होता. वंदनाताई खुर्चीत बसल्या. दाराबाहेर सलीमभाई उभे होते, त्यांना आतलं ऐकू येत होतं.

मग माझ्यापुढं कागद आला. सहीची जागा रिकामी. आणि मला काय झालं कोण जाणे, माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, सर, मासे मिठात घालून मारतात ती पदवी सुसंगत, आणि पाणी वाचवते ती विरोधी? समुद्राला तापीचं पाणी कमी पडलं म्हणून तक्रार आलीय का तुमच्याकडं? मग आवाज आणखी चढला आणि मी आमच्या कोल्हापुरी पद्धतीनं बरंच काही बोलले, ते इथं लिहीत नाही. शेवटी मी म्हटलं, मी सही करणार नाही. जा.

 कारखानीस घाबरे झाले. माझ्याबद्दल त्यांना खरंच काळजी वाटत होती. ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, बाई, असं करू नका, नियम माहीत आहे ना तुम्हाला? समिती दोघांची. दोन्ही सह्या नसतील तर अहवालच होत नाही, अख्खी भेट रद्द. मग नवी समिती नेमावी लागते. आणि ती नेमून येईपर्यंत सगळं जैसे थे.

वंदनाताईंनी मान वर केली.

मी म्हटलं, पुन्हा सांगा सर.

"जैसे थे. म्हणजे सगळे अभ्यासक्रम आहेत तसे चालू राहतात, प्रवेशसुद्धा. किती नुकसान होतं बघा."

नवी समिती यायला किती वेळ लागतो, असं मी विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाले, ते सांगता येत नाही. आपलीच नेमायला त्यांनी दोन दिवाळ्या घालवल्या.

मी पेनाला टोपण लावलं. नानांकडं बघितलं, तर ते छताकडं बघत होते. त्यांची श्रेणी जात नव्हती आणि पोरंही जात नव्हती; असा निकाल त्यांनी मागितला असता तरी मिळाला नसता. त्यांनी एवढंच विचारलं की मॅडमच्या गाडीत केळ्यांचे दोन घड ठेवायला जागा आहे का.

बाहेर आले तेव्हा सलीमभाई दारातच उभे होते. मी त्यांना सांगितलं, दुकान उघडा, पोरगी उद्या कॉलेजात आहे. त्यांनी ग्रीसचे हात जोडले आणि लगेच मागं घेतले, माझ्या साडीला डाग पडेल म्हणून.

घरी

परतीला कारखानीस माझ्याशी बोलले नाहीत. मात्र जळगाव स्टेशनवर थंडी वाजत होती तेव्हा त्यांनी आपली उशी मला टेकायला दिली, आणि त्यांच्यासारख्या माणसाच्या मानानं हे फार झालं. घरी आल्यावर काही दिवसांत वरून पत्र आलं की माझं नाव समित्यांच्या यादीतून वगळलं आहे. कारण दिलं होतं, ‘कामकाजाशी विसंगत वर्तन’. आता मला स्टेशनवर घ्यायला कोणी येत नाही आणि घरी चहा मीच करते. याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. केळी मात्र सगळ्या गल्लीला पुरली.

वंदनाताईंचा दर महिन्याला फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला: नवी समिती नेमली का हो? मी चौकशी करून सांगायची, नाही. त्या बरं म्हणायच्या आणि मग विहिरींचं सांगायच्या. मी आयुष्यभर सरकारी दिरंगाईला शिव्या घातल्या, आणि आता रोज देवापुढं दिवा लावताना मागायची की त्या कार्यालयात कुणी काम करू नये. अंजुम तिसऱ्या वर्षाला गेली, तिचा प्रकल्प झाला, मग परीक्षा आली. माझ्या स्वतःच्या मुलांच्या परीक्षेला मला एवढा घोर लागला नव्हता.

गेल्या आठवड्यात फोन आला तेव्हा त्यांनी समितीचं विचारलंच नाही. अंजुमचा निकाल लागला होता, पहिल्या वर्गात. जामनेरकडच्या काही गावांच्या विहिरी मोजायचं काम तिला आधीच मिळालं होतं आणि सलीमभाईंनी दुकानात पेढे वाटले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी पदर लावला. वंदनाताईंचा आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता.

"आता येऊ द्या त्यांना," त्या म्हणाल्या. मग फोन बाजूला धरून त्यांनी कुणाला तरी बसायला सांगितलं. पलीकडून वर्गात बाकं सरकल्याचा आवाज येत होता.

"नको मॅडम. इतक्यात नको. यंदा पहिल्या वर्षाला पुन्हा पोरी आल्यात."